या एकाने काय खाल्ले?

प्राण्यांविषयीच्या कोणत्याही माहितीपुस्तकात ‘आहार’ या शीर्षकाखाली एक-दोन ओळी असतात: फळे, कोवळी पाने, किडे, क्वचित अंडी. या ओळी खोट्या नसतात, पण त्या कोणत्याही एका प्राण्याविषयीही नसतात. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या ऋतूंत, निरनिराळ्या प्राण्यांच्या खाण्याच्या नोंदी एकत्र करून काढलेली ती सरासरी असते, आणि त्या सरासरीप्रमाणे तंतोतंत खाणारा एकही जीव रानात नसण्याचीच शक्यता अधिक. मला या सरासरीपेक्षा तिच्यामागे दडलेल्या एकेका प्राण्याचे कुतूहल नेहमीच अधिक वाटत आले आहे. हा एक प्राणी, नेमका हाच, या महिन्यात काय खात होता आणि त्यावर त्याचे कसे निभावले, हा प्रश्न वरवर अगदी साधा आहे. पण माणसाची चाहूल लागताच दूर जाणाऱ्या आणि पुष्कळदा अंधारात किंवा पाण्याखाली खाणाऱ्या जिवाच्या बाबतीत त्याचे खात्रीचे उत्तर मिळवण्यासाठी संशोधकांनी जी खटपट केली आहे, तिच्याविषयी वाचताना माझा आदर वाढतच गेला आहे.

या प्रश्नाचे महत्त्व एका लहान पक्ष्याने फार स्पष्ट करून दाखवले. कोस्टारिकाच्या किनाऱ्यापासून दूर, प्रशांत महासागरात कोकोस नावाचे बेट आहे आणि तेथे फिंचची एकच जात राहते. ट्रेसी वर्नर आणि थॉमस शेरी यांनी तेथील पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी अडकवून एकेका पक्ष्याला ओळखू येईल असे केले आणि मग ते कसे खातात ते पाहिले. जात म्हणून पाहिली तर ती सर्वभक्षी म्हणावी अशी: पानांवरचे किडे, सालीतले किडे, फुलांतला मध, फळे, बिया, सारे काही तिच्या यादीत होते. परंतु एकेका पक्ष्याकडे पाहिले की चित्र पालटत होते. एक पक्षी पानांवरचे किडे टिपण्यातच गुंतलेला, दुसरा वाळक्या पानांच्या गुंडाळ्या उलगडणारा, तिसरा फुलांकडे वळलेला, आणि प्रत्येकाची ही आवड दीर्घकाळ टिकणारी. चोचीचा आकार, वय किंवा नर-मादी हा भेद यांपैकी कशानेही या फरकाचा उलगडा होत नव्हता. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामानंतर असे दाखले साठत गेले, आणि २००३ साली डॅनियल बोल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा आढावा घेतला तेव्हा एकाच जातीतील व्यक्तींच्या आहारात असा फरक आढळल्याचे पुरावे ९३ जातींबाबत मिळाले.

हा फरक केवळ कुतूहलाचा विषय नाही. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात बिगहॉर्न या रानमेंढ्यांच्या एका समूहाचा आणि त्याच परिसरातील प्यूमा या मोठ्या रानमांजरांचा बरीच वर्षे अभ्यास झाला. त्यात असे दिसले की बहुतेक प्यूमा मेंढ्यांच्या वाटेला फारसे जात नव्हते, पण एका मादीने एकाच हिवाळ्यात त्या समूहाचा जवळपास दहावा हिस्सा आणि कोकरांपैकी सुमारे चौथा हिस्सा मारला. या ठिकाणी ‘प्यूमा मेंढ्या मारतात’ हे वाक्य खरे असूनही दिशाभूल करणारे ठरते. त्या वाक्यावर विसंबून सगळ्याच प्यूमांविरुद्ध उपाय योजणारा माणूस अनेक निरपराध जनावरांना शिक्षा देईल. माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातील संघर्षाविषयी आपण बोलतो तेव्हा जातीचे नाव घेतो. नुकसान मात्र बहुधा एखाद-दुसऱ्या प्राण्याने केलेले असते, आणि तो कोणता हे ठरवायला पुरावा लागतो.

पुरावा गोळा करण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे पाहणे. तो सर्वांत सोपाही वाटतो, पण डोळ्यांना स्वतःच्या खोडी असतात. माकडांच्या टोळीसमोर वही घेऊन बसावे आणि जे दिसेल ते लिहावे असे ठरवले, तर भांडणे, पाठलाग आणि मोठ्या नराने हिसकावून घेतलेले फळ वहीत हटकून येते. कडेला बसून तासभर गवताची मुळे उपटून खाणारी म्हातारी मादी मात्र निसटून जाते, कारण तिच्याकडे लक्ष जावे असे ती काहीच करत नसते. मी स्वतः दुर्बिणीतून पक्षी पाहताना हे अनेकदा अनुभवले आहे: नजर आपोआप हालचालीकडे धावते आणि शांतपणे खात बसलेला जीव दिसूनही नोंदला जात नाही. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली या दोषावर नेमके बोट ठेवले. निरीक्षणाच्या निरनिराळ्या पद्धतींची छाननी करून त्यांनी दाखवले की एक प्राणी आधी निवडायचा, ठरलेला वेळ फक्त त्याच्यावरच नजर ठेवायची आणि तो काही करो वा न करो, ते सारे लिहायचे, ही शिस्त पाळली तरच व्यक्तींची आपसांत तुलना करता येते. आज क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला ही पद्धत शिकवली जाते. माझ्या मते प्राण्यांच्या अभ्यासातील ती एक मोठी नैतिक सुधारणाही होती, कारण तिने गप्प बसणाऱ्या प्राण्याला दांडगाईखोर प्राण्याइतकीच जागा वहीत मिळवून दिली.

या शिस्तीची परिसीमा मला एका बबून मादीच्या अभ्यासात दिसते. दक्षिण आफ्रिकेतील केप द्वीपकल्पावर केली जॉन्सन यांनी स्टेला असे नाव दिलेल्या एका चॅकमा बबून मादीचा सलग ३० दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, पाठपुरावा केला. तिने काय खाल्ले एवढेच लिहून भागणार नव्हते. किती खाल्ले हेही मोजायचे होते. म्हणून प्रत्येक पान, प्रत्येक बी, प्रत्येक घास यांची संख्या नोंदवायची, नंतर त्याच प्रकारचे अन्न गोळा करायचे, वाळवायचे, तोलायचे आणि प्रयोगशाळेत त्यातील प्रथिने, मेद, कर्बोदके यांचे प्रमाण काढायचे, असा तो क्रम होता. स्टेलाने त्या महिन्यात कितीतरी प्रकारचे अन्न खाल्ले. काही नैसर्गिक, काही माणसाच्या वस्तीमुळे उपलब्ध झालेले. रोजची यादी पाहिली तर ती विस्कळीत वाटावी. पण साऱ्या महिन्याचा हिशेब मांडल्यावर दिसले ते असे की, प्रथिनांतून मिळणारी ऊर्जा आणि मेद व कर्बोदके यांतून मिळणारी ऊर्जा यांचे प्रमाण तिने साधारण १ ला ५ असे राखले होते. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी तोल पुन्हा त्याच ठिकाणी येत होता.

एका प्राण्यावर आधारलेला निष्कर्ष म्हणून यावर आक्षेप घेता येईल, आणि सगळ्या बबूनांविषयी काही सिद्ध करायचे असेल तर तो आक्षेप रास्तही आहे. परंतु हा तोल दिसण्यासाठी एकाच प्राण्याचे सलग दिवस हवेत, ही गोष्ट त्या आक्षेपात सुटून जाते. तीस बबूनांचा प्रत्येकी एक दिवस पाहिला असता तर तीस निरनिराळ्या याद्या मिळाल्या असत्या, त्यांची सरासरीही निघाली असती, पण एक जीव काल कमी पडलेले आज भरून काढतो हे त्या सरासरीत कधीच उमटले नसते.

पाहण्याच्या पद्धतीला आणि तिच्या मर्यादेला एकाच वेळी समजून घ्यायचे असेल तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील समुद्री पाणमांजरांकडे वळावे लागते. हा प्राणी संशोधकांवर मेहेरबान आहे असे म्हणावे लागेल, कारण तो तळाशी बुडी मारून भक्ष्य पकडतो, पण ते खाण्यासाठी पाण्यावर येतो, पाठीवर उताणा तरंगतो आणि छातीवर ठेवून सावकाश खातो. त्याच्या मागच्या पायांच्या पडद्यात रंगीत खुणा अडकवल्या की किनाऱ्यावरच्या खडकावर दुर्बीण रोवून कोणता प्राणी कोणत्या बुडीत काय घेऊन आला ते लिहिता येते: बुडी किती सेकंदांची, हाती काही लागले की नाही, लागले तर खेकडा, शिंपला, गोगलगाय की समुद्री साळू हा गोल काटेरी जीव, आणि त्याचा आकार पंजाच्या मानाने केवढा. या प्राण्याला खाण्याची निकडही मोठी असते. इतर सागरी सस्तन प्राण्यांप्रमाणे त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसतो. दाट केस आणि सतत धगधगणारी शरीराची भट्टी यांवरच तो थंड पाण्यात तग धरतो, आणि त्यासाठी रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके अन्न त्याला लागते.

जेम्स एस्टीस, टिम टिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हजारो बुड्यांच्या नोंदी केल्या. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एकाच खाडीत, एकाच भक्ष्याच्या साठ्यावर जगणाऱ्या माद्यांचे आहार एकमेकींपासून अगदी वेगळे निघाले. कोणी समुद्री गोगलगायींवर भर देणारी, कोणी खेकड्यांवर, कोणी साळूंवर. ही वाट वर्षानुवर्षे बदलत नव्हती आणि पुष्कळदा मुलगी आईचीच वाट धरत होती. पिल्लू आईजवळ सहा महिन्यांच्या आसपास राहते. त्या काळात ती काय वर आणते आणि ते कसे फोडते हे ते अगदी जवळून पाहत असते. मला यातील सर्वांत बोलका भाग मात्र सॅन निकोलस बेटावरचा वाटतो. या बेटावर १९८७ नंतर पाणमांजरे नेऊन सोडली गेली. तेथे त्यांची संख्या थोडी होती आणि अन्न मुबलक होते. तेथील प्राण्यांच्या आहारात व्यक्तिव्यक्तींत असा फरक जवळजवळ दिसला नाही. सगळे साधारण तेच, हाताला सहज लागणारे पौष्टिक भक्ष्य खात होते. म्हणजे वेगळेपण हे केवळ स्वभावातून येत नाही. अन्नाची टंचाई झाली की पहिल्या पसंतीचे भक्ष्य सर्वांना पुरत नाही, आणि मग ज्याने त्याने एखादे दुय्यम भक्ष्य हाताळण्यात कसब मिळवून आपले पोट भरायचे, असा तो प्रकार आहे.

पण पाणमांजर रात्रीही खाते, आणि किनाऱ्यावरून न दिसणाऱ्या दूरच्या पाण्यातही खाते. खडकावरची दुर्बीण तेथे पोहोचत नाही. ही उणीव त्या प्राण्याच्या मिशीच्या एका केसाने भरून काढली.

खाल्लेल्या अन्नातूनच शरीर घडते, आणि अन्नातील कार्बन व नायट्रोजन यांच्या हलक्या-जड समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वजनाने वेगळ्या अणूंचे, प्रमाण शरीराच्या पेशींत उमटते. मायकल डिनीरो आणि सॅम्युएल एपस्टाइन यांनी १९७८ आणि १९८१ साली प्रयोगशाळेत ठरावीक अन्नावर वाढवलेल्या प्राण्यांत हे पद्धतशीरपणे तपासले. जड नायट्रोजनचे प्रमाण अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला हजारात साधारण ३ ते ४ एककांनी वाढते, त्यामुळे प्राणी साखळीत कोणत्या पायरीवर जेवत होता याचा अंदाज येतो. कार्बनवरून अन्नाचा मूळ स्रोत कळतो, कारण उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते व मका प्रकाशसंश्लेषणाची एक रीत वापरतात आणि बहुतेक झाडे-झुडपे दुसरी, आणि दोन्हींची कार्बनची खूण वेगळी असते. शरीरातील निरनिराळ्या ऊती निरनिराळ्या गतीने बदलत असल्यामुळे त्यांची स्मरणशक्तीही वेगवेगळी असते: रक्तातील द्रव काही दिवसांची आठवण ठेवतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांची, हाडे अनेक वर्षांची. केस, नखे आणि मिशा यांचे वैशिष्ट्य असे की एकदा वाढलेला भाग पुन्हा बदलत नाही. त्यामुळे मिशीचा एक केस टोकापासून मुळापर्यंत बारीक तुकड्यांत कापला आणि प्रत्येक तुकडा तपासला, तर महिन्यांमागचे जेवण ते नुकतेच झालेले जेवण असा सारा क्रम हाती येतो. पाणमांजरांच्या मिशांतून मिळालेली ही साक्ष दुर्बिणीतून मिळालेल्या साक्षीशी जुळली. ज्या माद्या दिवसा एकाच प्रकारचे भक्ष्य खाताना दिसत होत्या, त्यांच्या मिशीच्या लांबीभर खूण फारशी हलत नव्हती.

केनियातील सांबुरू भागात थुरे सर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीच्या शेपटीचा केस याच रीतीने वाचला. हत्तीच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण नोंदवणारा पट्टा होताच. केसाच्या वाढीचा वेग ठाऊक असल्याने केसावरील प्रत्येक जागा दिनदर्शिकेवरील एखाद्या आठवड्याशी जुळवता आली. पावसानंतर कोवळे गवत आले की खूण गवताकडे झुकायची, कोरड्या ऋतूत झाडपाल्याकडे परतायची. एका नर हत्तीच्या केसात मात्र कोरड्या ऋतूतही, तो उंचावरील जंगलात असताना, गवताच्या बाजूची खूण वाढलेली आढळली. त्याच काळात पट्ट्यातील नोंदी सांगत होत्या की तो रात्री जंगलाबाहेर शेतांकडे जात होता. दोन्ही नोंदी एकत्र ठेवल्यावर मक्याची उभी पिके डोळ्यांसमोर येतात. पट्टा एकटा फक्त ‘तेथे गेला’ एवढेच सांगू शकला असता आणि केस एकटा फक्त ‘असे काहीतरी खाल्ले’ एवढेच.

मला या सगळ्या पद्धतींचे मर्म येथेच दिसते. दुर्बिणीतून पाहणारा माणूस तोंडात काय गेले ते सांगतो, केस अंगी काय लागले ते सांगतो, आणि विष्ठा जे पचले नाही तेवढेच सांगते. या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यांपैकी एकीलाच ‘आहार’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

विष्ठेच्या अभ्यासाला अनेकदा कमी लेखले जाते, ते योग्य नाही. मांसाहारी प्राण्याच्या विष्ठेत भक्ष्याचे केस जवळजवळ शाबूत राहतात, आणि केसाचा गाभा व त्यावरील खवल्यांची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भक्ष्याची जात ओळखता येते. अडचण मोजदादीत येते. लहान भक्ष्याच्या अंगावर वजनाच्या मानाने केस अधिक असतात, म्हणून किलोभर मांसामागे त्याच्या अधिक विष्ठा तयार होतात आणि मोठ्या भक्ष्याचा वाटा प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो. १९८० च्या दशकात बंदिस्त प्यूमांना ज्ञात वजनाचे भक्ष्य देऊन आणि त्यानंतरच्या विष्ठा मोजून या चुकीसाठी दुरुस्तीचे सूत्र काढले गेले, आणि नंतर कितीतरी मोठ्या मार्जारांच्या अभ्यासांत ते वापरले गेले. व्यक्तीचा प्रश्न मात्र डीएनएमुळेच सुटला. विष्ठेवर आतड्याच्या अस्तरातील पेशी चिकटून आलेल्या असतात. त्यांतून ती कोणत्या प्राण्याची, म्हणजे जातीतला कोणता एक, हे ठरते, आणि आतील अवशेषांच्या डीएनएमधून त्याने काय खाल्ले ते कळते. खाणारा आणि खाल्लेला, दोघांची ओळख एकाच नमुन्यात, प्राण्याला हातही न लावता. तरीही विष्ठा शिकार आणि आयते मिळालेले मढे यांत भेद करू शकत नाही. भक्ष्य पिल्लू होते की पूर्ण वाढलेले हे सांगत नाही. आणि मोठ्या माशाच्या पोटात आधीच असलेला लहान माशाचा डीएनएही त्या यादीत येऊन बसतो.

पाण्याखाली जेवणाऱ्यांसाठी उपकरणे प्राण्याच्या अंगावरच चढवावी लागली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जेराल्ड कूयमन यांनी अंटार्क्टिकामध्ये वेडेल सीलच्या बुड्यांची खोली नोंदवण्यासाठी जे यंत्र तयार केले, त्यात स्वयंपाकघरात वापरायचा टायमर बसवलेला होता. तेथून हे तंत्र फार पुढे गेले. समुद्रपक्ष्याने थंड मासा गिळला की पोटाचे तापमान एकदम उतरते, म्हणून पोटात जाणारा तापमापक घासांची नोंद करू लागला. अर्थात पक्ष्याने थंड पाणी प्यायले तरी तापमान उतरते, आणि बारीक भक्ष्य त्यातून निसटते. डेन्मार्कच्या पाण्यातील पॉर्पॉइझ या लहान दंतधारी सागरी सस्तन प्राण्यांवर आवाज नोंदवणारी यंत्रे चिकटवली गेली. हा प्राणी आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो आणि भक्ष्याजवळ पोहोचताना त्याचे आवाज इतके जलद होतात की त्यांची गुणगुण बनते. ती ऐकून प्रत्येक झडप मोजता आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत तासाला ५५० पर्यंत बारीक माशांवर झडप आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक झडपा यशस्वी, असे चित्र दिसले. हे कळल्यावर जहाजांच्या आवाजाने अशा प्राण्याच्या खाण्यात पडणाऱ्या खंडाकडे माझे लक्ष वेगळ्या रीतीने जाऊ लागले, कारण एवढ्या अखंड खाण्यात वाया गेलेली मिनिटे भरून काढणे सोपे नसावे.

निळ्या देवमाशाच्या बाबतीत तर तीन वेगवेगळ्या मोजण्या एकत्र गुंफाव्या लागल्या. अंगावरील यंत्राने क्रिल या कोळंबीसारख्या बारीक जीवांच्या थव्यावर घेतलेल्या झेपा मोजल्या, वरून उडणाऱ्या ड्रोनच्या छायाचित्रांतून शरीराची लांबी आणि त्यावरून तोंडात मावणारे पाणी काढले, आणि बोटीवरून पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राने त्या पाण्यात क्रिल किती दाट आहे ते पाहिले. मॅथ्यू सवोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ३२१ देवमाशांच्या नोंदींवरून मांडलेला अंदाज आधीच्या अंदाजांच्या सुमारे तिप्पट निघाला. अन्नाच्या हंगामात पूर्ण वाढलेला निळा देवमासा दिवसाला १६ टनांच्या आसपास क्रिल खातो असे त्यांचे म्हणणे आहे. आधीचे आकडे प्रामुख्याने शरीराच्या आकारावरून आणि ऊर्जेच्या गरजेवरून गणिताने काढलेले होते. एकेका प्राण्याचे घास मोजल्यावर गणित एवढे बदलावे, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

या पद्धतींची किंमत प्राणी मोजतो, आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. पिल्लांना आईबापांनी काय भरवले हे पाहण्यासाठी त्यांच्या गळ्याभोवती बंध घालून घास अडवला जाई. पेंग्विनच्या पोटात पाणी भरून खाल्लेले बाहेर काढले जाई. केवळ ओळख पटावी म्हणून घातलेली खूणसुद्धा निरुपद्रवी असेलच असे नाही. दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे द्वीपसमूहावर किंग पेंग्विनांचा १० वर्षे अभ्यास झाला. पंखावर धातूची पट्टी असलेले पेंग्विन आणि कातडीखाली बारीक इलेक्ट्रॉनिक खूण असलेले पेंग्विन यांची त्यात तुलना होती. २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पट्टीवाल्या पक्ष्यांना ३९ टक्के कमी पिल्ले झाली आणि त्यांचे जगण्याचे प्रमाणही १६ टक्क्यांनी कमी होते. पट्टी पोहण्यात अडथळा आणत होती. ते पक्षी अन्नासाठी समुद्रात अधिक काळ घालवत होते. म्हणजे ज्या प्राण्याचे खाणे समजून घ्यायचे त्याचे खाणेच खुणेने बिघडवले होते. अशा खुणेतून मिळालेली माहिती प्राण्यावर अन्याय करते आणि खोटीही ठरते, या दोन्ही गोष्टी माझ्या मनात वेगळ्या राहत नाहीत.

म्हणून शेरिल नॉट यांच्या बोर्निओतील कामाविषयी मला विशेष आपुलकी आहे. गुनुंग पालुंग येथील ओरांगउटान पहाटे घरट्यात जागे झाले की वरूनच मूत्र सोडतात. खाली प्लास्टिकचा कागद धरून ते गोळा करायचे आणि रुग्णालयात वापरतात तशा पट्ट्यांनी तपासायचे. फळांचा बहर ओसरून साल चावण्याची पाळी आली त्या महिन्यांत मूत्रात कीटोन आढळले, म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळत होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनी जे सांगितले ते कोणतीही यादी सांगू शकली नसती. यादीत त्या दिवशीही खाण्याच्या नोंदी होत्या. तो प्राणी खात होता आणि तरीही उपाशी होता.

एका प्राण्याचा आहार त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी शोधण्याचीही वेळ आली आहे. १८९८ साली केनियातील त्सावो येथे रेल्वेचा पूल बांधला जात असताना दोन नर सिंहांनी मजुरांवर हल्ले केले. त्या मजुरांत हिंदुस्थानातून नेलेले अनेक जण होते. वर्षअखेरीस पुलाच्या कामाचे प्रमुख जॉन पॅटरसन यांनी दोन्ही सिंह मारले. त्यांची कातडी आणि कवट्या आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. बळींची संख्या १३५ असल्याचा दावा पुढे पॅटरसन यांनी केला होता. जस्टिन येकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली सिंहांच्या हाडांतील दीर्घकालीन खूण आणि केसांतील शेवटच्या महिन्यांची खूण यांची तुलना केली तेव्हा खाल्लेल्या माणसांचा अंदाज सुमारे ३५ निघाला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोघांचा वाटा सारखा नव्हता: एकाने साधारण २४, दुसऱ्याने ११. एकत्र फिरणाऱ्या, एकत्र हल्ले करणाऱ्या त्या जोडीतही आहार दोन होते. अधिक माणसे खाणाऱ्या सिंहाच्या जबड्याला गंभीर इजा झालेली होती आणि सुळ्याच्या मुळाशी गळू होते. नेहमीचे मोठे भक्ष्य पकडून धरणे त्याला अवघड जात असावे.

२०२४ साली त्याच सिंहांच्या मोडक्या दातांच्या पोकळीत दबून राहिलेले केस काढून त्यांतील डीएनए तपासला गेला. त्यांत जिराफ, झेब्रा आणि ओरिक्स, वॉटरबक व विल्डबीस्ट ही हरणांसारखी जनावरे सापडली, आणि माणूसही. विल्डबीस्ट सापडणे अनपेक्षित होते, कारण त्या काळी ते तेथून बऱ्याच अंतरावर आढळत असत. एकतर सिंह समजुतीपेक्षा दूरवर फिरत होते, किंवा विल्डबीस्टच त्सावोत येत होते. मानवी केसांचा डीएनए आणखी खोलात जाऊन तपासला असता तर मेलेला माणूस कोणत्या वंशाचा, कोणत्या प्रदेशातला, याच्या जवळ जाता आले असते. संशोधकांनी ते केले नाही. बळी गेलेल्यांचे वंशज आज त्या भागात राहत असण्याची शक्यता आहे, त्यांच्याशी बोलल्याशिवाय आणि त्यांच्या संमतीशिवाय हे काम करणे योग्य ठरणार नाही, अशी भूमिका घेऊन तेवढा भाग त्यांनी तसाच ठेवला आहे.